बघ्यांचा डाव

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी पुण्यात बहिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझी गोदा मेली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या खेळातले ते माझे पात्र होते. तिला जाऊन आता बरेच महिने झाले, तरी त्या मरणाविषयी माझ्या मनात जो वाद सुरू झाला तो मिटलेला नाही. मराठीची प्राध्यापिका पंचेचाळिशीत असले खेळ खेळते याचे ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसून घ्यावे. पहिल्या दिवशी मीही हसले होते. भाच्याच्या मित्रांपैकी एक जण इंटर्नशिपसाठी बंगळूरला गेला, चौथा भिडू कमी पडला, आणि “मावशी, तू नाटकं शिकवतेस ना, मग तुला जमेल,” एवढ्याच तर्कावर मला बसवण्यात आले.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूचे एक पात्र असते. ते काय करते, काय बोलते हे खेळाडूने सांगायचे, आणि जिथे निकाल संशयास्पद असेल तिथे फासा टाकायचा. एक जण मात्र खेळाडू नसतो. तो जग सांभाळतो. राक्षस, राजे, खाणावळवाले, रस्त्यावरची येणारी-जाणारी माणसे, सगळी त्याच्या तोंडून बोलतात. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणते. भाच्याला हा शब्द पटलेला नाही. “सूत्रधार नांदी झाली की जातो ना? मी तर शेवटपर्यंत बसलेला असतो,” अशी त्याची तक्रार आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इतके ठाऊक आहे याचा मला आनंदच झाला, म्हणून मी शब्द बदललेला नाही.

गोदा ‘क्लेरिक’ होती, म्हणजे देवाची सेवा करणारी आणि जखमा बऱ्या करणारी. आमच्या चमूत जखमा बऱ्या करणारे दुसरे कोणी नव्हते. त्या दिवशी आम्ही एका नदीकाठच्या गावाच्या बाजारात होतो. दरोडेखोर आले. बाजार पांगला; कोणी दुकानांच्या फळ्या लावून घेतल्या, कोणी रांजणांमागे बसले. भाच्याने तो बाजार फार चांगला रंगवला होता. मातीची भांडी विकणारी एक बाई होती, तिच्याशी गोदा आधी दोन वाक्ये बोललीही होती. एक न्हावी, एक माशांची टोपली घेऊन बसलेला म्हातारा, आणि बरीच नाव नसलेली माणसे. गोदाला दोन बाण लागले आणि ती चौकात पडली. आमच्यातला धनुर्धर त्या वेळी दरोडेखोरांच्या म्होरक्यामागे पूल ओलांडून गेला होता. आमची चोरटी (हा खेळातला एक मानाचा पेशा आहे, गैरसमज नसावा) पलीकडच्या गल्लीत दोघांशी झुंजत होती.

इथे थोडा नियम सांगणे भाग आहे. पात्राच्या अंगात किती जीव शिल्लक आहे याचा हिशेब ‘हिट पॉइंट’ नावाच्या आकड्यात ठेवतात. आकडा शून्यावर आला की पात्र बेशुद्ध पडते आणि मरू लागते. मग आपली पाळी आली की खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा वा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशे आधी झाली तर मरण थांबते. तीन अपयशे आधी झाली तर संपले. वीस पडले तर पात्र लगेच डोळे उघडते, एक पडला तर ती दोन अपयशे धरतात. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचा हा नियम; २०२४ साली सुधारित पुस्तके निघाली, त्यांतही तो राहिला.

मला सात पडले. मग चौदा. मग चार. टेबलावर शांतता झाली. बहीण स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बश्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी भाच्याला विचारले, “ही बाजारातली माणसं काय करताहेत?”

त्याने आपल्या वहीकडे पाहिले. वहीत त्या माणसांविषयी काही नव्हते, हे मला समोरून दिसत होते. तो म्हणाला, “बघताहेत.”

अकरा पडले. दोन यशे, दोन अपयशे. पाचव्या फाशाला नऊ पडले.

पोहे निवले. कोणीतरी “सॉरी, मॅडम” म्हणाले. मी मोठ्या माणसासारखी हसले, पण हाताला बारीक कंप सुटला होता. भांडी विकणारी ती बाई दहा पावलांवर होती, हे मला डोक्यातून जाईना. मी भाच्याला म्हणाले, “अरे, एकाही माणसाला पुढे यावंसं वाटलं नाही?” तेव्हा तो अगदी सरळपणे, जणू उत्तरपत्रिका परत देत असल्यासारखा म्हणाला, “तूच तर शिकवलंस, मावशी. हा साधू आधी कुठे होता?”

हे वाक्य माझेच होते. तो नववीत असताना शाळेच्या कथास्पर्धेसाठी त्याने एक गोष्ट लिहिली होती. नायक जंगलात मरायला टेकतो, एवढ्यात एक साधू येतो, कमंडलूतले पाणी शिंपडतो, नायक उठतो. मी समासात लाल शाईने लिहिले होते: ‘हा साधू आधी कुठे होता?’ पोराने ते इतकी वर्षे जपले होते. आपले एखादे वाक्य कोणाच्या तरी मनात खोल रुजावे अशी प्रत्येक शिक्षकाची इच्छा असते. ते असे उगवेल याची कल्पना नसते.

वर्गातही मी हेच शिकवत आले आहे. कथानकाची सोडवणूक कथानकातूनच उगवली पाहिजे, यंत्रावर बसून वरून उतरणाऱ्या देवाने गाठ सोडवू नये, हे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सांगितले आणि युरिपिडिसच्या ‘मीडिया’च्या शेवटावर याच कारणाने बोट ठेवले. मी दरवर्षी हे फळ्यावर लिहिते, विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत परत लिहितात. माझ्या भाच्याने ते परीक्षेत न लिहिता वापरले. एका परीने मला अभिमान वाटायला हवा होता.

परंतु गोदाच्या मरणाचा प्रश्न ॲरिस्टॉटलने सुटत नाही. का सुटत नाही, हे कळण्यासाठी मी भाच्याकडून नियमांची पुस्तके घेऊन आले आणि उत्तरपत्रिका तपासायच्या सोडून ती वाचत बसले.

पहिली गोष्ट अशी दिसली की १९७४च्या मूळ खेळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. हिट पॉइंट संपले की पात्र मेले. पडणे आणि मरणे यांत फटच नव्हती, मग तिथे कोणी धावून यायचे तरी कधी? ही फट १९७९ साली आली. गायगॅक्सने त्या वर्षीच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात असे ठरवले की शून्यावर आलेले पात्र बेशुद्ध पडते, मग दर फेरीला एकेक अंक खाली जाते, आणि उणे दहाला पोचले की मरते. त्या आवृत्तीत एक फेरी म्हणजे एक मिनिट. म्हणजे मरायला दहा मिनिटे. आणि या दहा मिनिटांत पात्राशी स्नेहभाव असलेल्या कोणीही जखम बांधली, काही पाजले, श्वास सुरू करून दिला, तर ते थांबते. मूळ शब्दयोजना लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे ‘सोबती’ म्हटलेले नाही, ‘खेळाडूचे पात्र’ म्हटलेले नाही. स्नेहभाव असलेला कोणीही जीव, इतकेच. भांडी विकणारी बाई त्यात बसते.

आमच्या लहानपणी आम्ही विष-अमृत खेळायचो. विष दिलेला गडी जागच्या जागी गोठतो, आणि दुसऱ्या गड्याने हात लावून ‘अमृत’ म्हटले की सुटतो. कट्ट्यावर बसून बघणाऱ्या पोरांना हात लावायची मुभा नव्हती. त्यांनी लावला तर भांडणे व्हायची. खेळाडूंचा भाच्याच्या बाजूने असलेला युक्तिवाद मुळात हाच आहे: कट्ट्यावरच्यांनी अमृत द्यायचे नाही. पण कट्ट्यावरची पोरे खेळाच्या बाहेर होती. बाजारातली माणसे खेळाच्या आत आहेत. तिथे पाऊस पडला तर ती भिजतात.

दुसरी गोष्ट गणिताची आहे आणि ती मला अधिक अस्वस्थ करून गेली. आजच्या नियमाप्रमाणे मरणाऱ्याला स्थिर करायला मंत्र लागत नाही. कोणीही शेजारी बसून प्रयत्न करू शकतो. फाशावर आपले शहाणपण मिळवून दहा आले की झाले. सामान्य गावकऱ्याचे शहाणपण ना अधिक ना उणे, म्हणजे नुसत्या फाशावर दहा वा अधिक. वीसपैकी अकरा शक्यता, पंचावन्न टक्के. दोघे जण बसले तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास. खेळाच्या जगात मरणाऱ्याला वाचवणे हे न्हाव्यालाही जमण्यासारखे काम आहे. एकट्याने पडून फासे टाकत राहणाऱ्या पात्राची वाचण्याची शक्यता सुमारे साठ टक्के भरते, हे मी कागदावर मांडून पाहिले. (मराठीच्या माणसाला गणित येत नाही हा समज आहे.)

हे वाचून मी भाच्याला दूरध्वनी केला. म्हटले, तुझी माणसे साधू नाहीत. साधू गोष्टीत आधी नव्हता. ही आधीपासून होती, तूच बसवली होतीस. त्यांना हात आहेत आणि नियमाने त्यांना संधीही दिली आहे.

भाचा म्हणाला, “मग त्यांचे हिट पॉइंट पण बघ ना, मावशी.”

मी पाहिले. सामान्य गावकऱ्याला चार हिट पॉइंट असतात. ज्या बाणांनी गोदा पडली त्यांतला कुठलाही एक बाण त्या बाईला पुरला असता. आणि त्याहून पुढचे: शून्यावर आल्यावर तीन संधी मिळतात त्या खेळाडूंच्या पात्रांना. इतर बहुतेकांच्या बाबतीत प्रथा अशी की शून्यावर आले की मेले. एखाद्याच्या बाबतीत सूत्रधाराने ठरवले तर अपवाद. म्हणजे १९७४चा जुना नियम गावकऱ्यांपुरता अजून चालूच आहे. पडणे आणि मरणे यांच्यामधली फट आमच्यासारख्यांना मिळाली, भांडी विकणाऱ्या बाईला नाही. ती फळीमागून बाहेर आली असती तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पणाला लावून आली असती.

याच्या पुढच्या रविवारी टेबलावर हा विषय पुन्हा निघाला आणि खरे भांडण झाले. धनुर्धर खेळणारा मुलगा तसा अबोल आहे. तो म्हणाला, “मॅडम, मला तुमचं पटत नाही. मी म्होरक्यामागे गेलो. मागे वळलो असतो तर तुम्ही वाचला असता. मला माहीत होतं तुम्ही पडलाय. आता त्या कुंभारणीने तुम्हाला वाचवलं असतं, तर मी गेलो त्याचं काय? मग ते काहीच झालं नसतं.”

या खेळावर मी ऐकलेले हे सर्वांत गंभीर वाक्य आहे. बघ्यांनी खेळाडूंच्या पात्रांना वाचवू नये असे म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा हा आहे. ‘आव्हान कमी होते’, ‘मजा जाते’ वगैरे बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ. हा खेळ खेळाडूंच्या निवडींवर उभा असतो. सोबत्याने सोडून जाणे ही निवड होती आणि तिची किंमत गोदा होती. तिसऱ्याच कोणी ती किंमत भरली तर त्या मुलाने काय केले हे त्याला कधी कळणारच नाही. तो आठवडाभर झोपला नव्हता असे भाच्याने मला नंतर सांगितले. यात अतिशयोक्ती असेल, पण तो वाईट वाटून घेणारा मुलगा आहे.

मी त्या वेळी त्याला नीट उत्तर देऊ शकले नाही. नंतर सुचले ते असे. समजा तो पुलावरून परतला आहे आणि चौकात गोदाचे डोके मांडीवर घेऊन ती बाई बसली आहे. तिने त्याच्याकडे वर पाहिले. त्याचे जाणे ‘काहीच झाले नाही’ असे तेव्हा ठरले असते काय? मला तर वाटते ते अधिकच जड झाले असते. गोदा मेली म्हणून त्याला दुःख करता आले, आणि दुःखाला एक प्रतिष्ठा असते. ती वाचली असती, आणि चार हिट पॉइंटांच्या बाईने वाचवली असती, तर त्याला लाज वाटली असती. दुःखापेक्षा लाज घेऊन पुढे खेळणे कठीण.

तिथे फाशांचा विषय निघाल्यावर मराठी माणसाच्या मनात जी सभा उभी राहते ती माझ्याही मनात राहिली. द्यूत, पणाला लागलेली स्त्री, आणि सभेत बसलेले एकाहून एक समर्थ बघे. विकर्ण बोलला. आपण लहानपणापासून ऐकतो की द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि कृष्णाने वस्त्रे पुरवली. पण भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वाचे संपादन करताना फ्रँकलिन एजर्टन यांनी जी संहिता सिद्ध केली तिच्यात तो धावा नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत जाते, कोणी पुरवले ते सांगितलेले नाही. धावा आणि कृष्ण नंतरच्या हस्तलिखितांत आले. मी विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा वर्गातल्या भाविक मुली नाराज होतात. मला मात्र त्या अनामिक लेखनिकांविषयी आता जिव्हाळा वाटू लागला आहे. पोथी उतरवताना कोणाला तरी ती सभा सहन झाली नाही. इतक्या माणसांपैकी कोणी उठत नाही, आणि सुटका झाली तर ती कोणाचीच नव्हे, हे त्यांना लिहून पुढे जाता येईना. मग त्यांनी कोणालातरी आणले. समासात लाल शाईने ‘हा आधी कुठे होता?’ असे लिहिणाऱ्या मास्तरणीची पर्वा त्यांनी केली नाही.

पण उलटेही होते, आणि त्याचे उदाहरण मला फार दूरचे आठवते. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हिझ या तरुणीचा तिच्या घरापाशी खून झाला. दोन आठवड्यांनी तिथल्या मोठ्या वृत्तपत्राने अशी बातमी दिली की अडतीस शेजारी खिडक्यांतून बघत होते आणि कोणी काही केले नाही. ही बातमी जगभर गेली. तिच्यामुळेच जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली आपले प्रसिद्ध प्रयोग मांडले, की बघणारे जितके जास्त तितका प्रत्येक जण मदतीला कमी आणि उशिरा येतो. प्रयोग आपल्या जागी आहेत. बातमी मात्र पुढे बरीचशी खोटी ठरली. अडतीस जणांनी बघितलेले नव्हते. आणि मुख्य म्हणजे एक शेजारीण जिना उतरून खाली गेली होती, मारेकरी अजून तिथे असेल की नाही हे माहीत नसताना, आणि किटीला कवेत घेऊन बसली होती. बातमीत ती नव्हती. ती असती तर गोष्ट इतकी चांगली झाली नसती.

इथे मला माझ्या भाच्याची वही आठवली. ‘बघताहेत’ हा शब्द त्याने वहीत लिहिलेला नव्हता; तो मी विचारल्यावर उच्चारला. फासा टाकलेला नव्हता. खेळात अनोळखी माणसाची वृत्ती ठरवायला फार जुनी सोय आहे. १९७४च्या पुस्तकांत आणि पुढे १९८१च्या ‘बेसिक’ संचातही दोन साधे फासे टाकून समोरचा वैरभावाने वागेल की मैत्रीने हे काढण्याचे कोष्टक होते. घाबरून पळेल की टिकून राहील हे ठरवायचीही पद्धत होती. भाचा ते वापरू शकला असता. त्याने माणसे पाठवली नाहीत, हे खरे. पण त्याने ती धरून ठेवली. पात्राला वाचवण्यासाठी गावकऱ्याला पुढे ढकलणे हा जर सूत्रधाराचा हस्तक्षेप असेल, तर गोष्ट बाणेदार व्हावी म्हणून सगळ्या बाजाराला जागेवर खिळवून ठेवणे हाही हस्तक्षेपच. एका हाताला आपण ‘यंत्रातला देव’ म्हणतो आणि नाके मुरडतो. दुसऱ्या हाताला ‘वास्तववाद’ म्हणतो आणि दहापैकी आठ गुण देतो. मी दिलेले आहेत.

आणि ते का दिले, याचाही विचार करणे प्राप्त आहे. २०११ साली पेपर तपासणीच्या केंद्रावर जात असताना आमची रिक्षा महामार्गालगत गर्दीत अडकली. मी उतरून पाहिले. एक मनुष्य रस्त्याच्या कडेला पडला होता, बाजूला त्याची दुचाकी. वीस-पंचवीस माणसे उभी होती. मी विचारले, “कोणी फोन केला का?” मागून कोणीतरी म्हणाले, “केलाय, केलाय.” मी दोन-तीन मिनिटे उभी राहिले. त्याचा एक हात हलत होता. मग रिक्षावाला म्हणाला, “चला मॅडम, पोलीस आले की अडकाल,” आणि मी गेले. संध्याकाळी परतताना त्याच चहावाल्यापाशी विचारले तेव्हा कळले की फोन कोणीच केला नव्हता. प्रत्येकाला कोणीतरी सांगितले होते की केलाय. त्या माणसाचे पुढे काय झाले हे चहावाल्याला ठाऊक नव्हते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना मान्य केल्या, २०१९च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत कलम १३४ अ आले. मी तो कायदा वाचला आहे. वाचताना प्रत्येक वेळी मला तो हात दिसतो, आणि रिक्षावाल्याच्या नावावर काही ढकलता येत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मी वर्गात ‘अनपेक्षित सुटका’ हा मुद्दा जरा जास्तच जोराने शिकवू लागले असे मला आता वाटते. येणारा-जाणारा माणूस धावून येतो हे साहित्यात खोटे, सवंग, भाबडे असते, असे मी म्हणत असे. ते बहुतेक वेळा खोटे असतेही. पण ज्या बाईने स्वतः पाय उचलला नाही तिला ते खोटे असलेले बरे वाटते, ही शंका मला त्या टेबलावर पहिल्यांदा आली. ‘बघताहेत’ हा शब्द ऐकून हात कापला तो गोदासाठी नव्हता.

तेव्हा खेळाविषयी माझे मत विचाराल तर ते असे झाले आहे. मरणाऱ्या पात्राला बघ्यांनी वाचवावे की नाही, हे सूत्रधाराने ठरवू नये; बघ्यांना ठरवू द्यावे. खेळाडूंच्या पाळ्यांची जी यादी असते तीत बघ्यांची नावे नसतात. ती घालावीत. त्या बाईची पाळी आली की तिला काय वाटते आहे हे विचारावे, दोन वाक्ये ती गोदाशी बोलली होती ती आठवावीत, तिचे चार हिट पॉइंट आठवावेत, आणि तरीही संशय उरला तर फासा टाकावा. ती आली आणि बाण लागून मेली तर तेही घडू द्यावे. ती फळीमागेच राहिली तर राहू द्यावे. पण तो तिचा निर्णय असावा, आणि गोष्ट संपल्यावरही ती त्या गावात राहत असावी. धनुर्धराला जसा पूल पुन्हा ओलांडावा लागतो, तसा तिलाही दुसऱ्या दिवशी बाजार मांडावा लागतो.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले. तो वाद घालत नाही, ऐकतो आणि मग वेगळेच काही विचारतो; या बाबतीत तो माझ्या बहिणीवर गेला आहे. तो म्हणाला, “ठीक आहे. पण आता मागे जाऊन बदलायचं नाही. गोदा मेली. तुला नवीन पात्र लागेल. कोण घेतेस?”

पुस्तकात बारा पेशे आहेत, त्यांतला एक निवडायचा असतो. मी म्हटले, मला भांडी विकणारी बाई हवी.

टेबलावर थोडी चर्चा झाली. चोरटी खेळणाऱ्या मुलीचे म्हणणे पडले की असे पात्र पहिल्याच झटापटीत मरेल. धनुर्धर काही बोलला नाही, पण त्याने त्याच्यासमोरची कोरी नोंदपत्रिका माझ्याकडे सरकवली. भाच्याने एकच अट घातली: ती खेळाडूचे पात्र झाली की तिलाही मरताना तीन संधी मिळतील, नियम म्हणजे नियम. मग त्याने पेन्सिल उचलली आणि विचारले, “तिच्याकडे सामान काय काय आहे?”

पुस्तकात उपचाराची एक पेटी असते. दहा वेळा पुरते, तिच्या आधाराने फासा न टाकताच माणूस स्थिर करता येतो. किंमत पाच सोन्याची नाणी. मी ती मागितली.

“एवढे पैसे तिच्याकडे कुठून येणार?” भाचा म्हणाला.

ते बरोबर होते. मी लिहिले: एक चुंबळ, सहा मडकी, त्यांतले एक चिरलेले, आणि डोक्याला बांधायचे जुने फडके, धुतलेले.